गाडी बंद पडण्याची वाट पाहताना

पेणहून रोहा काही फार लांब नाही. सकाळी पेणला चहा घेतला की जेवायला रोह्यात, असं तिकडचे लोक म्हणतात. मला दीड दिवस लागला, आणि त्यातला बराचसा वेळ मी गाडी बंद पडावी म्हणून मनातल्या मनात देवाला विनवत होते. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांनी पाहिला आहे ते बहुतेक घाईत, महामार्गावरचे खड्डे चुकवत गेले असतील, तेव्हा त्यांनीही वाचायला हरकत नाही.

आधी गाडीचं सांगते. मी साताऱ्याच्या एका दवाखान्यात एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. निवृत्त झाल्यावर, साठीला टेकताना, गाडी शिकले. आमच्या ह्यांची लहानशी पेट्रोल गाडी घरीच होती. ते आठवड्यातून एकदा तिच्यातून मंडईत जात, बाकीचे दिवस ती अंगणात उभी. मी शिकले, परवाना काढला, आणि महिन्याभरात गाडी बंद पडायला लागली. चालता चालता दोन आचके द्यायची, इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा आणि गप्प. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू. कधी तासाभराने, कधी तीन तासांनी, कधी आठवडाभर अजिबात नाही.

गंमत अशी की ती माझ्याच हातात बंद पडायची. ह्यांच्या नाही, मेकॅनिकच्या नाही. साताऱ्यात दोन गॅरेजं झाली. दोघांनी यंत्र लावून एकच निदान केलं: कॅमशाफ्टचा सेन्सर. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या डोक्यात फिरणारा दांडा, तो झडपा उघडतो आणि मिटतो. आणि तो दांडा आत्ता कुठवर फिरला आहे हे गाडीतल्या संगणकाला कळवायचं काम अंगठ्याएवढ्या त्या सेन्सरचं. त्याच्याकडून निरोप आला नाही की संगणक गोंधळतो आणि इंजिन बंद करतो. दोघांनी सेन्सर बदलला, स्वतः एक चक्कर मारून आणली आणि "झकास" म्हणून किल्ली दिली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी पुन्हा रस्त्याच्या कडेला. मग सगळ्यांचं एकमत झालं, की बाईंचा पाय कच्चा आहे, क्लच जमत नाही. "ह्या वयात शिकल्यावर व्हायचंच," हे म्हणाले. चिडून म्हणाले असते तर मी भांडले असते. मायेने म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

शेवटी एक ठरलं. रविवारी गाडी बघायला एक गिऱ्हाईक यायचं होतं. त्याआधी मी एकटी रोह्याला सुलभाकडे जाऊन येणार. सुलभा माझी थिएटरमधली जोडीदारीण. गुडघा बदलल्यापासून चार महिने घराबाहेर पडली नव्हती, आणि तिला गाडीतून नदीवर नेईन असं मी कबूल केलं होतं. ह्या प्रवासात गाडी बंद पडली तर किल्ली मुकाट्याने ह्यांच्या हातात द्यायची, रविवारी व्यवहार, आणि मग पुन्हा गाडीचं नाव काढायचं नाही. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. खरं तर तोवर माझाही माझ्या पायावरचा विश्वास उडाला होता.

गुरुवार, गागोद्याच्या अलीकडे

पहाटे साडेचारला निघाले. निघण्याआधी माझा रोजचा नेम केला: बॉनेट उघडायचं, तेल-पाणी बघायचं, फडक्याने धूळ पुसायची, लोंबतं-लटकतं काही दिसलं तर नीट खोचून ठेवायचं. आयुष्यभर ज्या खोलीत काम केलं तिथे एक दोरासुद्धा लोंबलेला चालत नसे. महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटाने उतरणं जवळ पडलं असतं. पण त्या अरुंद वळणांवर गाडी गप्प झाली तर? म्हणून पुण्याचा वळसा घेतला, बोरघाट उतरले. घाटात गाडीने माझी लाज राखली. खोपोली मागे पडली, पेणच्या रस्त्याला लागले, काचा खाली करून गार वारा घेतला, आणि गागोद्याच्या अलीकडे दोन आचके, पिवळा दिवा, गप्प.

शर्त हरले होते. पहिल्याच सकाळी.

गाडी कडेला घेऊन उतरले तर रडू येण्याऐवजी एकदम शांत वाटायला लागलं. माथेरानकडचे डोंगर धुक्यात अर्धे बुडालेले होते. भात कापून नेलेली खाचरं, त्यात सुकलेले धस, आणि त्या धसांमधून वालाची रोपं हिरवीगार उभी. कुठे पाट नाही, मोटर नाही. आमच्याकडे घेवड्याला पाणी द्यायचं म्हणजे घरादाराची धावपळ. शेतात एक म्हातारे गृहस्थ शेंगा खुडत होते, त्यांना विचारलं, पाणी कुठून देता?

"पाणी कशाला?" ते म्हणाले. "भाताची ओल हाय खाली. वरून रातचं दव पडतं. तेवढ्यावर होतो वाल."

त्यांनी ओंजळभर शेंगा माझ्या हातात ठेवल्या आणि गाडीकडे बघून म्हणाले, "पेणला काशीनाथकडं जावा. खाडीच्या रस्त्याला गॅरेज हाय त्याचं. तो आधी इचारतो, मग हात लावतो."

मी शेंगा सोलून कच्चेच दाणे चघळत गाडीला टेकून उभी राहिले. किंचित कडू, मागाहून गोड. दवाने चपला भिजल्या. ऊन वर आलं तसं धुकं शेताशेतातून सरकत गेलं, आणि मी तिथे किती वेळ उभी होते ते मला आजही सांगता येणार नाही. किल्ली फिरवली तर गाडी सुरू.

पेण

काशीनाथचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एका बाजूला मिठाची पोती, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याच्या कारखान्यातले न रंगवलेले गणपती ओळीने वाळत ठेवलेले. डोळे अजून काढलेले नव्हते त्यांचे. त्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगेसमोर माझी पांढरी गाडी उभी राहिली तेव्हा तीही त्यातलीच एक वाटली.

काशीनाथ चाळिशीचा, सावळा, बोलायला सावकाश. त्याने बॉनेटला हात न लावता आधी मला खुर्ची दिली आणि विचारायला सुरुवात केली. गार असताना बंद पडते की तापल्यावर? चढावर की सपाटीला? टाकीत पेट्रोल किती असतं तेव्हा? एसी चालू? किती वेळाने परत सुरू होते? मी इतकी वर्षं डॉक्टरांच्या शेजारी उभी राहिलेली बाई. पेशंटला एवढे प्रश्न विचारणारे डॉक्टर मला दोनच भेटले. एक मात्र त्याने विचारलं नाही, की तुम्ही गाडी कधी शिकलात.

मग त्याने यंत्र लावलं. तोच निकाल, कॅमशाफ्ट सेन्सर. त्याने सेन्सरचा प्लग ओढून काढला, आतल्या पिना बॅटरी मारून पाहिल्या, फवारा मारून पुसल्या, मीटर लावला. सगळं ठीक. प्लग परत बसवला, गाडी सुरू केली, तारा हलवून पाहिल्या, केस वाळवायच्या मशीनने सेन्सरला गरम हवा दिली. गाडी ढिम्म हलेना, म्हणजे उत्तम चालत राहिली.

"सेन्सर नवा हाय, चांगला हाय," तो म्हणाला. "आता तिसरा घालून काय होनार? बरी असताना औषध नको. ती माझ्यासमोर बंद पडायला पायजे."

"मग तुम्ही चक्कर मारून बघा," मी सवयीने किल्ली पुढे केली आणि बाकाकडे निघाले. साताऱ्यात माझी जागा बाकावर असायची.

"मी नाय," तो म्हणाला. "गाडी ज्याच्या हातात बंद पडते त्याच्याच हातात बघायची. तुम्ही चालवा, ताई. मी बाजूला बसतो. रोज चालवता तशीच चालवा, मी हाय म्हनून नीट चालवू नका."

असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. आम्ही पुन्हा गागोद्यापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. दुपार झाली. रस्त्यात एका ठिकाणी उतरून तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. आमच्याकडे भाकरी ज्वारीची, जाड, तोडून खायची. ही पांढरी, मऊ, घडी घालता येईल अशी. काशीनाथ गाडीत गप्प बसे. कधी डोळे मिटून इंजिन ऐके, कधी माझ्या पायांकडे बघे. वालाची शेतं, फाटे, झाडाखाली झोपलेल्या म्हशी पुन्हा पुन्हा येत राहिल्या, इतक्या वेळा की आपण कुठे जात नसून हा रस्ताच आपल्याभोवती फिरतो आहे असं वाटायला लागलं. गाडी मात्र बंद पडायचं नाव घेईना.

चौथ्या फेरीला, पेण जवळ आल्यावर, तो म्हणाला, "ताई, पाय बरोबर हाय तुमचा."

"काय?"

"क्लच. एकदम बरोबर. मी दुपारपासून तेच बघत होतो."

मी गाडी कडेला घेतली, कारण समोरचं दिसेनासं झालं होतं. काशीनाथ खिडकीबाहेर बघत बसला आणि मला हवा तेवढा वेळ त्याने दिला.

खाडीकाठी

संध्याकाळ व्हायला आली. दुसऱ्या दिवशी काशीनाथला खांबला जायचं होतं, बायकोला माहेरून आणायला. "तुमचा रोह्याचा रस्ता तिकडूनच जातो. सकाळी दोघं निघू, खांबपर्यंत बघू," तो म्हणाला. "आज घरी चला. आई हाय." साताऱ्यात ओळख नसलेल्या माणसाकडे मुक्कामाला जाणं म्हणजे आधी चार फोन आणि दहा वेळा संकोच. इथे त्याने सांगितलं आणि मी गेले. सुलभाला कळवलं. ह्यांचाही फोन आला. गाडी कशी आहे, त्यांनी विचारलं. "आज दिवसभर झकास चालली," मी म्हटलं. गागोद्याचं गाळलं. फोन ठेवला तेव्हा माझा मलाच राग आला.

गाव खाडीच्या कडेला. रस्ता संपतो आणि मिठागरं सुरू होतात: चौकोनी वाफे, मध्ये अरुंद बांध, पाण्यात आभाळ. ऊन उतरत होतं तेव्हा एका वाफ्यात गुलाबी आभाळ, शेजारच्यात राखाडी, आणि त्याच्या पलीकडे नुकतं धरू लागलेलं मीठ. काशीनाथच्या आईंनी उभा जन्म त्या वाफ्यांत काढलेला. तळ घट्ट व्हावा म्हणून तो पायांनी तुडवतात. त्यांची पावलं रुंद आणि टाचा दगडासारख्या होत्या. मला बघताच त्या म्हणाल्या, "ये गो बाय, बस. पायात काय घालू नको, अंगन सारवलेला हाय."

त्या दिवशी अंगणात पोपटी होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला घालतात, हा त्या दिवसांत बांधावर आपोआप उगवणारा, उग्र वासाचा. त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, जाडं मीठ, वरून पुन्हा पाला ठासून तोंड बंद. मग मडकं जमिनीवर पालथं घालून भोवती काटक्या-पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. शेंगा आपल्याच ओलीवर शिजतात. मी गागोद्याच्या शेंगाही त्यात दिल्या.

जाळ एका बाजूला जास्त होता. काशीनाथ काठीने मडकं जरा सरकवायला गेला. आईंनी त्याच्या हातावर चापट मारली.

"हात लावू नको. हलवलास का पाला सुटतो, मंग कच्चा का शिजला कोन सांगनार?"

त्यांनी स्वतः काय केलं, तर हात पाठीमागे बांधून मडक्याभोवती एक फेरी मारली, वाकून वास घेतला, आणि पाण्यात बुडवलेली बोटं लांबूनच मडक्यावर झटकली. चर्र झालं. "अजून थोडा," त्या म्हणाल्या. पुन्हा फेरी, पुन्हा थेंब. तिसऱ्या वेळी थेंब पडता पडताच उडाले, तेव्हा त्यांनी जाळ ओढायला सांगितलं.

काशीनाथ चापट खाल्लेला हात चोळत बसला होता. मग मला म्हणाला, "ताई, मी पन आज तेच केला. बघायच्या आधी प्लग ओढला. तुमी आल्या तवा ती तार कशी होती, कुठं होती, मना आता सांगता येत नाय." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "उद्या मी बॉनेट उघडनार नाय. बंद पडंल तवाच बघू. आनि बघताना हात मागं."

शेंगा अशा शिजल्या होत्या की बोटाने दाबलं तर दाणा जिभेवर येत होता. धुराचा, पाल्याचा आणि खाडीच्या मिठाचा वास आला त्यांना. त्या कडवट चवीपुढे आमचा घेवडा फिका वाटला, आणि असं वाटल्याबद्दल थोडं चोरट्यासारखंही झालं.

शुक्रवार, कासूच्या पुढे

सकाळी धुकं इतकं होतं की मिठागरं दिसतच नव्हती, नुसता पांढरा पडदा आणि त्यातून बगळ्यांचे आवाज. काशीनाथ आंघोळीला गेला होता. मी नेहमीप्रमाणे बॉनेट उघडलं, तेल-पाणी पाहिलं, फडकं फिरवलं. त्याच्या आई ओट्यावर बसून बघत होत्या.

"गाडीला पन आंघोल घालतेस गो?"

"रोज," मी म्हटलं.

"बरा करतेस," त्या म्हणाल्या, आणि मला उगीच शाबासकी मिळाल्यासारखं झालं.

निघालो. वडखळ गेलं. धुकं हळूहळू विरत होतं, झाडं आधी सावल्यांसारखी येत आणि जवळ आल्यावर झाडं होत. काशीनाथ मांडीवर अवजारांची पिशवी घेऊन बसला होता. जगात गाडी बंद पडावी म्हणून कान लावून बसलेली आम्ही दोनच माणसं असू. कासू आलं. रेल्वे रस्त्याच्या जवळून जाते तिथे एक मालगाडी बराच वेळ आमच्या बाजूने सरकत राहिली, डब्यामागून डबा, आणि मला गुंगी आल्यासारखं झालं. शेवटचा डबा गेला. एक आचका. दुसरा. पिवळा दिवा.

"आली," काशीनाथ हळूच म्हणाला, पाहुणी आल्यासारखं.

मी होती त्या वेगात गाडी कडेच्या चिंचेखाली नेऊन उभी केली. त्याने बॉनेट वर केलं, दांडी लावली, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. आईसारखेच. मग वाकून बघत राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं. हात पाठीमागेच.

"ताई, ही तार इथं कशी आली?"

मी वाकले. सेन्सरकडे जाणारी तार एका लोखंडी पट्टीच्या मागे व्यवस्थित खोचलेली होती.

"काल मी प्लग लावला तवा ती मोकली होती. लोंबत होती. मी तशीच सोडली. रात्रीत हिला कोनी खोचली?"

"मी," मी म्हटलं.

"कधी?"

"आज सकाळी. पुसताना."

"आनि काल?"

"काल साताऱ्यात. रोजच."

त्याने पिशवीतून मीटर काढला. एक टोक प्लगच्या पिनेला, दुसरं गाडीच्या अंगाला. मीटर टीं करून ओरडला. "आता तुम्ही तार काढा," तो म्हणाला. मी दोन बोटांनी तार पट्टीमागून सोडवली. मीटर गप्प. "परत खोचा." खोचली. टीं. पुन्हा सोडवली, गप्प. मी हे चार वेळा केलं. तिथे रस्त्यावर, चिंचेखाली, माझ्या दोन बोटांत माझी गाडी बंद पडत होती आणि सुरू होत होती.

त्याने तार उलटी करून दाखवली. खालच्या बाजूने, जिथे कुणी बघत नाही, पट्टीची धार घासून रबराला बारीक चीर पडली होती. इंजिन तापलं की रबर मऊ व्हायचं, चीर उघडायची आणि आतलं तांबं लोखंडाला टेकायचं. तार टेकली की सेन्सरचा निरोप संगणकापर्यंत पोचतच नव्हता. तार अडकवायची मूळची प्लास्टिकची चिमटी कधीतरी तुटून गेली होती, म्हणून ती लोंबायची. साताऱ्यातल्या दोघांनी सेन्सर बदलताना तार आपसूक मोकळी केली, म्हणून त्यांच्या चक्करीत गाडी चालली. ह्यांची मंडई दहा मिनिटांवर, गाडी तापतच नसे. आणि दुसऱ्या सकाळी मी फडकं घेऊन हजर.

"म्हणजे माझ्यामुळेच," मी म्हटलं.

"तुमच्यामुले आनि त्या चिमटीमुले," काशीनाथ म्हणाला. "आनि माझ्यामुले पन. काल हात मागं ठेवला असता तर तुम्ही काल रोह्यात असत्या."

मी खाली मैलाच्या दगडावर बसले. लाज वाटली, खूप वाटली. जिच्या टापटिपीचे सर्जन लोक दाखले द्यायचे ती मी. आणि त्या लाजेच्या खालून हसू यायला लागलं. वर्षभर सगळे माझ्या पायाकडे बोट दाखवत होते, मीही. पाय निर्दोष होता. गुन्हा हाताचा होता, आणि हात हा माझा सगळ्यांत भरवशाचा भाग.

त्याने चिरलेला तुकडा कापून टाकला, दोन्ही टोकांना नवी तार जोडून सोल्डरचा डाग दिला, वरून रबरी नळी चढवून लायटरने तापवून आवळली. पट्टीच्या धारेवर कानस फिरवली. मग तार धारेपासून लांब, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधली. मला ती सैल वाटली.

"जरा घट्ट नको?" मी विचारलं.

"नाय. इंजिन हलतं ना. थोडी ढील लागते. ताणून बांधली का तुटते."

मी हात पाठीमागे बांधून मान हलवली.

खांबला त्याच्या सासरी उतरलो तेव्हा दारात वालाच्या शेंगांचा ढीग होता आणि त्याची बायको पिशव्या भरत होती. ती हसून म्हणाली, "उशीर केलात, म्हनून एक पोतं वाढलं तुमच्या डोक्यावर." त्यातल्या शेंगांची एक पिशवी माझ्या मागच्या सीटवर आली. ती दोघं एस.टी.ने पेणला परत जाणार होती. काशीनाथ खिडकीशी वाकला. "रोज पुसा गाडी. फक्त तारंला हात नको."

तो गेल्यावर मी ह्यांना फोन लावला.

"काय, गाडी?" ते म्हणाले.

"दोनदा बंद पडली. काल गागोद्यापाशी आणि आज कासूच्या पुढे. कालचं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

"मग रविवारी त्यांना यायला—"

"थांबा. कारण सापडलं." आणि मी सगळं सांगितलं. फडकं, खोचणं, चीर, मीटर. काही गाळलं नाही. "माझा हात होता. पाय नव्हता."

ते म्हणाले, "त्या मेकॅनिकला दे जरा फोन."

"तो गेला," मी म्हटलं. "आणि असता तरी दिला नसता. मी सांगते तेच आहे."

ते म्हणाले, "रोह्याला पोचलीस की कळव."

रोहा

सुलभा काठी घेऊन फाटकातच उभी होती. तिला गाडीत बसवायला दहा मिनिटं लागली, गुडघा आधी, मग कंबर, मग काठी. कुंडलिकेच्या काठी गाडी थेट पाण्याजवळ नेली. नदी तिथे रुंद आणि संथ; पलीकडची झाडं पाण्यात उलटी उभी होती, आणि सुलभा काच खाली करून नुसती बघत बसली. चार महिन्यांनी, ती म्हणाली, छत सोडून काहीतरी दिसलं. मी तिला तारेची गोष्ट सांगितली. ती हसली ती इतकी, की गुडघा धरून म्हणाली, "पुरे, टाके उसवतील." टाके केव्हाच निघाले होते.

शनिवारी दुपारी आम्ही वालाची उसळ करत होतो. बेल वाजली. हे दारात, खांद्याला पिशवी, एस.टी.चा धुरळा अंगावर. काही कळवलं नव्हतं. सुलभाने पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "त्या गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून सांगितलं," आणि उसळीचा वास छान येतोय असं म्हणाले.

रविवारी निघताना मी बॉनेट उघडलं. तेल-पाणी पाहिलं, फडकं फिरवलं. तार आपल्या ढिलाईने किंचित लोंबत होती. हात शिवशिवला. तो पाठीमागे नेला आणि बॉनेट मिटलं. हे सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी गेले, दांडीला हात लावला, मग काढला आणि गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने बसले.

"पुण्यावरून ना?" मी विचारलं.

"तुला जमत असेल तर आंबेनळीने. जवळ पडेल."

महाड, पोलादपूर, आणि मग घाट. आजवर मी चालवत असताना ह्यांचा हात खिडकीवरच्या कडीला असायचा, दोरीवर चढल्यासारखा घट्ट. पहिल्या वळणाला तो तिथे होता, दुसऱ्याला होता. मग माझं लक्ष रस्त्यावर गेलं. खाली दरीत दुपारचं धुकं भरलेलं होतं, मागच्या सीटवरून शेंगांचा ओला वास येत होता, इंजिन एका लयीत चढत होतं. जिथे गाडी गप्प होईल म्हणून मी वर्षभर हा रस्ता टाळला होता ते वळण समोर आलं, तेव्हा दाखवावं म्हणून त्यांच्याकडे बघितलं.

कडी सुटली होती. हात मांडीवर, मान खिडकीकडे कललेली, तोंड जरा उघडं. त्या वळणावर हॉर्न द्यावाच लागतो. मी दिला, चांगला लांब. ते जागे झाले नाहीत.